मुकेशचं ऐकून झाल्यावर

सिनेमा सुरू होण्याआधी तंबाखूविरोधी जाहिरात लागते, तेव्हा थिएटरात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी मोबाइल काढून बसतं, कोणी पॉपकॉर्न आणायला उठतं आणि मागच्या रांगेतली दोन-चार पोरं जाहिरातीतल्या मुकेशच्या आवाजाची नक्कल करतात. आजूबाजूचे हसतात.

हसणाऱ्यांना मला आधी एक सांगायचं आहे. मुकेश कोणी नट नव्हता. मुकेश हराणे आपल्या खानदेशातला, भुसावळकडचा मुलगा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगावर त्याचे उपचार चालू होते. गुटखा त्याने वर्षानुवर्षं खाल्ला होता असंही नाही. जाहिरातीत तो एकाच वर्षाचं सांगतो. शस्त्रक्रियेनंतर कदाचित बोलता येणार नाही, हेही तोच सांगतो. ऑक्टोबर २००९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचं वय २४ होतं. देशभरच्या पडद्यांवर त्याचा चेहरा दिसू लागला तो त्यानंतर. आपल्यासारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून एका मरणाऱ्या मुलाने दिलेले ते काही सेकंद आहेत. त्याची नक्कल करू नका. शेजारचा करत असेल तर त्याला थांबवा.

पण हा लेख नक्कल करणाऱ्यांसाठी नाही. जाहिरात चालू असताना ज्याच्या खिशात पुडी किंवा पाकीट असतं आणि जो त्या अर्ध्या मिनिटात मान खाली घालून बसतो, त्याच्यासाठी आहे. त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

तंबाखूविरोधी जाहिरातींबद्दल बोलताना लोक साधारण दोनच गोष्टी म्हणतात. काही म्हणतात, जाहिरातींनी काही होत नाही, ज्याला सोडायचं तो सोडतोच. काही म्हणतात, एवढं वाईट आहे तर सरकार कारखानेच का बंद करत नाही? दोन्ही बोलण्यांत थोडं तथ्य आहे. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. बोलणारा मोकळा सुटतो आणि आज, आत्ता, त्याने काय करायचं हा प्रश्न तसाच पडून राहतो.

जाहिरातींनी काही होत नाही, हे तर खरंच नाही. याचा चांगला पुरावा अमेरिकेत आहे. तिथे १९६०च्या दशकात टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींचा पूर होता. जॉन बँझाफ नावाच्या एका तरुण वकिलाने तक्रार केली की, वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवण्याचं बंधन वाहिन्यांवर आहे, मग सिगारेटची दुसरी बाजू का दाखवत नाही? १९६७ साली तिथल्या प्रसारण आयोगाने त्याचं म्हणणं मान्य केलं आणि सिगारेटच्या जाहिरातींबरोबर धूम्रपानविरोधी जाहिरातीही मोफत दाखवणं वाहिन्यांना भाग पडलं. पुढची तीन-साडेतीन वर्षं त्या चालल्या आणि त्या काळात देशातला दरडोई सिगारेटचा खप खाली आला. कंपन्यांच्या हे लगेच लक्षात आलं. टीव्ही आणि रेडिओवरच्या जाहिरातबंदीला त्यांनी फार ताणून विरोध केला नाही. जानेवारी १९७१ मध्ये बंदी आली. सिगारेटच्या जाहिराती गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या विरोधातल्या मोफत जाहिरातीही जवळजवळ नाहीशा झाल्या आणि पुढची एक-दोन वर्षं खप पुन्हा थोडा वर चढला. स्वतःच्या जाहिराती गमावूनही ज्यांना समोरची जाहिरात बंद पडलेली परवडली, त्यांना तिची ताकद नक्की कळली होती.

अलीकडचा दाखला २०१२ पासूनचा. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने खऱ्या रुग्णांना पडद्यावर आणलं. घशाला भोक असलेली बाई, पाय कापलेला माणूस, नाव आणि वयासकट. जाहिरातीच्या शेवटी मदतीचा फोन नंबर. त्या संस्थेचाच अंदाज असा की २०१२ ते २०१८ या काळात या मोहिमेमुळे धूम्रपान सोडण्याचे १ कोटी ६४ लाख प्रयत्न झाले आणि १० लाखांहून अधिक लोकांनी ते कायमचं सोडलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १ कोटी ६४ लाख प्रयत्न आणि त्यातून साधारण १० लाख माणसं सुटली. पहिला आकडा सांगतो की जाहिरात माणसाला हलवते, उठवते, प्रयत्नाला लावते. दुसरा सांगतो की तिचं काम तिथेच संपतं. बाकीच्यांची इच्छा कमी होती असं मी म्हणणार नाही. निकोटिनचं व्यसन किती घट्ट असतं हे ज्याला लागलंय त्यालाच माहीत. पण बहुतेक माणसं ‘उद्यापासून बंद’ म्हणतात आणि त्या उद्याची कुठलीच तयारी करत नाहीत. जाहिरातीने मनात कालवाकालव होते ती चार दिवस टिकते. त्या चार दिवसांत तयारी केली तर जाहिरात कामी येते, नाहीतर आठवड्यात सगळं पहिल्यासारखं होतं.

माणसाची स्वतःची जबाबदारी ती ही, असं मला वाटतं. हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण तो सगळ्यात जास्त वापरलाय तंबाखू कंपन्यांनी. खटले उभे राहिले तेव्हा त्यांचे वकील न्यायालयांत हेच सांगत आले की ओढणाऱ्याला धोका माहीत होता, त्याने स्वतःच्या मर्जीने ओढली, आमचा काय संबंध? आणि दुसरीकडे, एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितलं की निकोटिनचं व्यसन लागतं असं त्यांना वाटत नाही. व्यसन लागतं हे दडवायचं आणि वर निवड तुमचीच होती म्हणायचं! २००६ साली तिथल्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशकं जनतेची फसवणूक केली असा स्पष्ट निकाल दिला.

तेव्हा शाळेच्या बाहेरच्या टपरीवर पंधराव्या वर्षी ज्याने पहिली पुडी फोडली, त्याला ‘तुझीच चूक’ म्हणणं मला मान्य नाही. कायद्याने त्या वयाच्या मुलाला ती विकायचीच नव्हती आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकायची नव्हती. ती विकणारा, त्याकडे डोळेझाक करणारा आणि पडद्यावरून तिला रुबाब देणारा, असे सगळे त्यात वाटेकरी आहेत. पण तो मुलगा आज मोठा माणूस आहे. सवय कोणामुळे लागली याचा हिशोब कितीही खरा असला तरी त्या हिशोबाने ती सुटणार नाही. ती त्यालाच सोडवावी लागेल, आणि मदत घेऊन सोडवावी लागेल. दोष दुसऱ्याचा असला तरी काम आपलं असू शकतं. आजारपणात आपण हे निमूट स्वीकारतो. इथेही स्वीकारा.

आता आपल्या महाराष्ट्राचं. सिनेमात कोणी सिगारेट पेटवली की पडद्याच्या कोपऱ्यात धूम्रपान आरोग्याला घातक असल्याची ओळ येते. २ ऑक्टोबर २०१२ पासून हे बंधन आहे. (या ओळी आपल्या चित्रपटावर नकोत म्हणून अमेरिकी दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी २०१३ साली ‘ब्लू जास्मिन’ भारतात लावूच दिला नाही. आपल्या सरकारने नियम सैल केला नाही, हे बरंच झालं.) पण ती ओळ वाचून आपल्याकडचा मोठा वर्ग मनात म्हणतो, मी कुठे ओढतो? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के. तंबाखू खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे होते २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचं खरं दुखणं धुरात नाही. ते तळहातावर चुना लावून मळलेल्या चिमटीत आहे, विदर्भातल्या खर्र्यात आहे, माव्यात आहे, आणि घराघरांतल्या मिश्रीच्या डबीत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तेव्हापासून पानमसाल्याची आणि तंबाखूची वेगवेगळी पाकिटं विकली जातात आणि घेणारा ती हातावर एकत्र करतो.

म्हणून तंबाखू खाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की फुप्फुसांची जाहिरात लागली की ती दुसऱ्यासाठी आहे असं समजू नका. मुकेशनेही सिगारेटचं सांगितलं नव्हतं.

आणि मिश्रीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. ज्या बाईसमोर कोणी सिगारेट काढली तर ती तोंड फिरवेल, तीच सकाळी उठल्यावर मिश्री लावते आणि त्याला व्यसन म्हणत नाही. दात साफ होतात, पोट साफ होतं, कामाला हुरूप येतो असं तिला आईने आणि सासूने सांगितलेलं असतं. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, दुसरं काही नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. अडीच किलोच्या आसपास जन्मणाऱ्या बाळाला शंभर ग्रॅम फार असतात. घरात कोणाला दिवस गेले असतील तर मिश्रीची डबी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, आणि ते सासूने पुढे होऊन केलं तर सुनेला सोपं जाईल.

आता सोडायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदा आरशासमोर जा आणि तोंड उघडा. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकत्र करून, उभी, दातांच्या मधून आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत किंवा जिभेखाली पांढरा अथवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखत नाहीच. तोंड उघडेनासं होण्याचं कारण बहुतेक वेळा सुपारी असते, आणि म्हणून तंबाखू सोडून नुसती सुपारी किंवा साधा मसाला चघळणं हा उपाय नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला त्याच वर्गात टाकलंय ज्यात तंबाखू आहे.

मग एक तारीख ठरवा. येत्या आठवडा-दहा दिवसांतली. लांबची नको. ती घरी सांगा, ज्यांच्याबरोबर टपरीवर उभे राहता त्यांना सांगा. आदल्या रात्री खिसे, ड्रॉवर, गाडीची डिकी, कामाची पिशवी, सगळं रिकामं करा. डबी कोणाला देऊ नका, कचऱ्यात टाका. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप नीट येत नाही, पोट साफ होत नाही. हे शरीर बिघडल्याचं लक्षण नाही, निकोटिन उतरतंय. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ काढायचा असतो. पाणी प्या, उठून चालत जा, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, कोणाशी तरी बोला. जेवणानंतर आणि चहाबरोबर तलफ हमखास येते, तेव्हा काही दिवस जेवल्याबरोबर उठा आणि चहा टपरीऐवजी दुसरीकडे घ्या.

ज्यांना उठल्या उठल्या तंबाखू किंवा सिगारेट लागते, त्यांना नुसत्या निर्धारावर फार अवघड जातं. त्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनची गोळी घ्यावी. ती चघळायची असते, पण च्युइंगगमसारखी सतत चावायची नसते. चार वेळा चावून गालात धरायची, चव गेली की पुन्हा चावायची. ती औषध आहे, तंबाखूतली विषं तिच्यात नाहीत. अशी मदत घेण्यात कमीपणा मानणारे पुरुष आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी हा अभिमान सोडावा, तो महागात पडतो.

‘कमी केली आहे, दिवसाला एकच’ असं सांगणाऱ्यांनाही एक गोष्ट माहीत हवी. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा भाग नव्हे. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडून हे दाखवलं गेलं. कमी करणं ही पायरी म्हणून ठीक, मुक्काम म्हणून नाही.

आणि आता वय झालं, आता सोडून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांसाठी रिचर्ड डॉल यांचं काम आहे. डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची पन्नास वर्षं नोंद ठेवली. सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना ती दहाच्या दहा जवळजवळ परत मिळाली. चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना सहा आणि साठीच्या सुमारास सोडणाऱ्यांनाही तीन. तीन वर्षं म्हणजे नातवंडाला शाळेत घालून त्याचं पहिलं पुस्तक ऐकायला पुरेल इतका काळ.

मध्येच एखाद्या लग्नात, एखाद्या दुःखात हात सुटला तर त्याच दिवशी पुन्हा थांबा. ‘आता मोडलंच, तर राहू दे’ या वाक्याने अनेकांचं सुटलेलं परत लागतं. सोडणारे बहुतेक जण एकाहून अधिक प्रयत्नांनी सोडतात.

घरच्यांना थोडं. टोमणे मारू नका. पहिल्या आठवड्यात तो चिडला, ताटावरून उठला, तर सोडून द्या. ‘चिडण्यापेक्षा खा बाबा एकदाची’ हे मात्र कधीही म्हणू नका. पोराच्या हातात पैसे देऊन त्याला पुडी आणायला पाठवू नका, आज नाही आणि कधीच नाही. पाहुण्यांसमोर ठेवायच्या तबकातली तंबाखू काढून टाका. आणि ज्यांची टपरी आहे त्यांनाही विनंती आहे. तुमचं पोट त्यावर आहे हे खरं, पण शाळेच्या गणवेशातल्या मुलाला परत पाठवायला तुम्हाला कोणी अडवत नाही. सुटी सिगारेट आणि विडी विकायला तर राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. मुलाची सुरुवात बहुतेक वेळा त्या एका सुट्या सिगारेटीनेच होते, अख्खं पाकीट घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात.

जे पडद्यावर दिसतात त्यांची जबाबदारी आपल्यापेक्षा मोठी. वेलचीच्या नावाखाली तंबाखूच्याच घराण्यातलं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं, या जाहिरातींत मोठमोठे नट दिसले आहेत. अक्षय कुमार यांनी अशीच एक जाहिरात केली, लोकांनी नाराजी दाखवल्यावर एप्रिल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली आणि बाजूला झाले. त्याआधी धूम्रपानाविरुद्धच्या सरकारी जाहिरातीत तेच होते. चूक कबूल करून मागे फिरणं जमतं, हे त्यांनी दाखवलं. बाकीच्यांनीही फिरावं. त्यांना ते सांगणं आपल्या हातात आहे, लोक बोलले म्हणूनच एक जण फिरला.

सप्टेंबर २०१८ पासून सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटांवर चित्राखाली एक नंबर छापलेला असतो. चित्र बघवत नाही म्हणून लोक पाकीट उलटं ठेवतात आणि नंबर वाचायचा राहतो. तो नंबर आहे १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस ओरडत नाही, लाज काढत नाही. तो तुमची तारीख ठरवायला मदत करतो आणि नंतर विचारपूस करायला स्वतः फोन करतो. हा लेख पुरता वाचून झाला की तो नंबर फिरवा. तुमच्यासाठी नसेल तर ज्याच्यासाठी आहे त्याच्या शेजारी बसून, त्याच्या फोनवरून लावून द्या.